जिप्सी किंग: खड्ड्यानंतर स्टेअरिंग थरथरतं

प्रश्न (इंदूर): १९९७ ची मारुतीची जिप्सी किंग (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी) बघतोय. साठच्या वेगात खड्डा लागला की स्टेअरिंग थरथरतं, पुढच्या चाकामागे ग्रीस गळतंय. घ्यावी का?

– भाऊ, चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. मग कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ (ढिलेपणा) गेला तर व्हील बेअरिंग खराब, राहिला तर किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर डावीउजवीकडे वळतं ते). किंगपिनचा खेळ शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून निघतो. आधीच स्टेअरिंग डँपर (थरथर शोषणारा शॉकअप) बसवू नका, दुखणं नुसतं झाकलं जातं.

– ग्रीस बोटावर घेऊन बघा. तेलासारखं पातळ असेल तर आतला ॲक्सल सील (तेल अडवणारी रबरी रिंग) गेलाय, डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गियरच्या डब्याचं) तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. फक्त बाहेरचा सील बदललात तर परत गळणार.

– गियर मोजा! किंगला पाच. चारच निघाले तर गियरबॉक्स जुन्या ९७० सीसीवाल्याचा. इंजिन १२९८ सीसी, कार्ब्युरेटरवालं हवं, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं) नंतरचं.