गाडीचा एसी गरम हवा फेकतोय? काय निघालं, ते लिहा

एप्रिल लागला की पुण्यात गॅरेजांसमोर बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग लागते आणि बहुतेकांना एकच निदान ऐकायला मिळतं : 'गॅस संपलाय, भरून देतो.' एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि कमी झालेला नसेलच तर भरून उपयोग काय?

म्हणून हा धागा. नुसतं 'इतके हजार गेले' नको. हवा गरम कधी यायची, काय काय तपासलं आणि शेवटी दोष कशात निघाला, तेवढं लिहा. गॅरेजचं नाव घालू नका, नाहीतर मूळ विषय बाजूला राहील.

सिंहगड रोडवाला

आमची गाडी पळती असली की गार, राजाराम पुलाच्या सिग्नलला थांबली की गरम. ट्रॅफिक सुटलं की पुन्हा गार. दोन ठिकाणी गॅसवरच बोट ठेवलं गेलं. तिसऱ्या फिटरने काहीही न खोलता पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळीदार कॉइल) पाण्याचा पाइप धरला. हवा लगेच गार! म्हणजे गॅस ठीक, उष्णता बाहेर जात नव्हती. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता; इंजिन बंद करून हाताने ढकलला तरी अडकायचा. गाडी धावताना समोरून वारा मिळतो, म्हणून तेव्हा दोष लपायचा. पंख्याची मोटर बदलली, विषय संपला.

कर्वेनगरची मावशी

माझं दुखणं जुनं. दर उन्हाळ्यात गॅस भरायचा, दिवाळीपर्यंत हवा कोमट. शेवटी म्हटलं, आधी लिकेज शोधा.

"मॅडम, भरून टाकतो, दोन महिने निवांत."
"आणि दोन महिन्यांनी?"
"या की परत!"

त्याला नमस्कार करून दुसरीकडे गेले. तिथल्या मुलाने आधी टॉर्च घेऊन सगळे जोड पाहिले. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्यामुळे गळक्या जोडावर तेलकट, धूळ बसलेला काळा डाग दिसतो. आमच्याकडे एकही डाग नव्हता. मग नायट्रोजन भरून दाब धरला, तर काटा हळूहळू उतरायला लागला. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा कुठेच नाही. म्हणून थोड्या गॅसबरोबर निळ्या दिव्यात चमकणारा रंग सोडला आणि गाडी काही दिवस वापरायला सांगितली. परत गेले तेव्हा त्याने गाडीखालच्या पाण्याच्या नळीच्या तोंडाशी निळा दिवा धरला. थेंब पोपटी चमकत होते. डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळत होती.

कॉइलसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवला. खर्च दणदणीत, पण दर वर्षीच्या गॅसची बेरीज केली तर रडण्यासारखा नाही. नाना पेठेत स्वस्त कॉइल मिळते. मी ओरिजिनल घेतली, कारण एवढं खोलण्याची मजुरी पुन्हा कोण देणार? सोबत ड्रायरही बदलायला लावा, तो ओलावा शोषून बसलेला असतो. नंतर निदान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), आणि गॅस वजनावर. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. 'अंदाजाने भरतो' म्हणणाऱ्याकडे थांबू नका. जास्त झाला तरी कूलिंग मार खातं.

निवृत्त यंत्रवाला

वर एक भर. इंजिन बंद असताना गेज लावून "बघा, प्रेशर आहे, गॅस फुल" असं सांगतात, त्यावर विश्वास नको. गॅस आर-१३४ए या प्रकारचा असेल तर ३५ अंशांना काटा साधारण ११५ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो. आत द्रवरूपात थोडा गॅस उरला असला तरी तेवढाच. तो आकडा तापमानाचा आहे, वजनाचा नाही.

उंदीरग्रस्त, बावधन

एसीचं बटण दाबल्यावर पुढून येणारी 'टक' बंद झाली होती. कॉम्प्रेसरला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा मॅग्नेट क्लच ओढत नव्हता. फ्यूज ठीक. हॉर्नचा रिले (वीज जोडणारा छोटा स्विच) क्लचच्या रिलेच्याच नंबरचा होता, तो अदलाबदल करून पाहिला, तरी नाही. क्लचची वायर उंदराने सफाचट केली होती. वायर जोडली, 'टक' परत आली. (नव्या काही कॉम्प्रेसरना असा क्लच नसतोच, तिथे कान लावून बसू नका.)

सातारा-पुणे-सातारा

सुरुवातीला झकास, पण खंबाटकी येईपर्यंत हवेचा झोतच मंदावायचा. ब्लोअर चारवर, तरी फुंकर. गॅस नीट होता. कॉइलवर बर्फ धरत होता. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं ठेवला की पूर्ववत. तापमान ओळखणारा थर्मिस्टर गेलेला, छोटासा भाग.

> धागाकर्ता: केबिन फिल्टर पाहिला होता का? तो चोंदला तरी झोत मंदावतो आणि कॉइल गोठू शकते.
>
> सातारा-पुणे-सातारा: हो, पहिलं तेच. ग्लोव्हबॉक्समागे असतो. त्यातून पिंपळाची पानं निघाली, पण दुखणं ते नव्हतं.

डावं-उजवं

ड्रायव्हरकडे गरम, शेजारी बायकोला गार. डॅशबोर्डमधून टिकटिक आवाज. गरम-गार हवा मिसळणाऱ्या झडपेच्या मोटरचे दात गेले होते. गॅसला हातही लावावा लागला नाही. घरात मात्र 'तुम्हालाच उकडतं' हे बरेच दिवस ऐकलं.

हायब्रीडवाले काका

आमच्याकडे कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. त्याला जाड नारिंगी केबल येते. नेहमीच्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरमध्ये घालतात ते पीएजी तेल इथे चालत नाही. ते वीजरोधक नसल्याने इन्सुलेशनची तक्रार दाखवून गाडी रुसू शकते. गॅस भरायच्या मशीनच्या नळीत आधीच्या गाडीचं तेल उरलेलं असतं, त्यामुळे नळी धुतली का, हे मी आधी विचारतो. "धुतो की साहेब" एवढ्यावर मी थांबत नाही, समोर उभा राहून धुवून घेतो.