डिशवॉशरचा आवाज कमी करण्याचे उपाय: अनुभव धागा

ओटा_आणि_बेसिन (धागाकर्ती)
रात्री डिशवॉशर लावला की हॉलपर्यंत आवाज येतो, ही तक्रार नेहमीची आहे. ज्यांनी तो कमी केलाय त्यांनी मापांसकट लिहावं. ‘खाली रबर घाला’ एवढ्याने भागत नाही; कोणतं, किती जाड, कुठे, तेही हवं.

माझा आग्रह एकच: आधी आवाज ओळखा. ठरावीक लयीत टक-टक आली तर फवाऱ्याचा पंखा भांड्याला लागतोय. लय नसलेली किणकिण म्हणजे भांडी एकमेकांवर आपटताहेत. पाणी भरताना शीळ वाजली तर कॉक बघा. धुताना सतत घरघर असेल तर पंप. कान न लावता आणलेली, पत्र्याची थरथर कमी करणारी चिकट शीट बहुतेक वेळा वाया जाते.

पितळी_डबा
आपल्याकडची निम्मी कटकट भांडी रचण्यातली आहे. दार लावण्याआधी खालचा आणि वरचा, दोन्ही पंखे बोटाने पूर्ण एक फेरी फिरवून बघा. पळीचा किंवा झाऱ्याचा दांडा जाळीतून खाली लोंबतो आणि दर फेरीला पंखा त्यावर आपटतो. मोठं ताट खालच्या ट्रेमध्ये उभं केलं की त्याची कड वरच्या ट्रेखालच्या पंख्याला लागते. बऱ्याच मशीनमध्ये वरचा ट्रे एक खाच वर घेता येतो, तो घ्या.

स्टीलच्या वाट्या एकमेकींत बसवू नका, बोटभर अंतर ठेवून तिरक्या लावा. हलके प्लास्टिकचे डबे वरच्या ट्रेमध्येच, खुंट्यांत अडकवून. नाहीतर फवाऱ्याने उडतात, सुलटे होऊन पाण्याने भरतात. कुकरची शिट्टी सुटी टाकू नका, ती थेट तळाशी जाते.

लेव्हल_पट्टी
चारही पाय जमिनीला टेकलेत का? वरचे कोपरे आळीपाळीने दाबा. एक जरी डुगडुगला तरी मशीन थरथरणार. स्पिरिट लेव्हल (सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी) आडवी आणि उभी ठेवून पाय फिरवा. बिल्ट-इन मॉडेलमध्ये मागचा पाय बहुधा पुढूनच, खालच्या स्क्रूने वरखाली होतो.

मऊ फोमची चटई घालू नका. साठ सेंटिमीटर रुंदीचं मशीन रिकामं असतानाच ४५-५० किलोच्या आसपास असतं; फोम एका बाजूला दबतो आणि लेव्हल जाते. प्रत्येक पायाखाली ८-१० मिमी जाडीचा घट्ट रबराचा तुकडा पुरतो. खालच्या मजल्यावर जाणारी घरघर याने बरीच कमी होते. मशीनचा पत्रा कडप्प्याला किंवा शेजारच्या ट्रॉलीच्या फळीला टेकू देऊ नका, ४-५ मिमी फट हवी.

नळजोडणी
पाणी भरताना शीळ येत असेल तर अँगल कॉक थोडा थोडा बंद करत आवाज कुठे थांबतो ते बघा. फार आवळलात तर मशीन पाण्याचा एरर देईल. व्हॉल्व्ह बंद होताना पाइपात ‘ठक्’ होत असेल, विशेषतः प्रेशर पंप असलेल्या इमारतीत, तर पाइपला भिंतीवर क्लॅम्प मारा आणि कॉकजवळ वॉटर हॅमर अरेस्टर (पाण्याचा धक्का शोषणारा छोटा जोड) बसवा. निचऱ्याची नळी कपाटाच्या पाठीला लागत असेल तर तिथे फोमची पट्टी गुंडाळा.

फिल्टरवाला
घरघर असेल तर प्लग काढा, फिल्टर उचला, तळातलं पाणी स्पंजने टिपा. निचरा पंपाचं छोटं झाकण काढलं की आत पाती दिसतात. चमच्याच्या दांड्याने फिरवा: अडखळत, झटक्याने फिरणं स्वाभाविक आहे, आत चुंबक असतं. चिंचोका, लवंग, काचेचा तुकडा असं काहीतरी तिथे सापडतं. हातमोजे घालूनच काढा.

हात धुण्याचा किंवा भांड्यांचा साधा साबण घातला तर फेस होतो, पंप हवा ओढतो आणि आवाज वाढतो. मात्र धुताना सतत चिरका आवाज येऊन तो दिवसेंदिवस वाढत असेल तर मुख्य पंपाचं बेअरिंग गेलंय. तिथे पंपच बदलावा लागतो.

पत्रा_आणि_शीट
एवढं करूनही पत्रा वाजत असेल तरच बिटुमेनची (डांबरासारख्या पदार्थाची) चिकट शीट, २ मिमी. प्लग काढा, कॉक बंद करा, बाजूचे पॅनल सोडवा (बऱ्याच मॉडेलना टी-२० टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो). आतली बाजू स्पिरिटने पुसा, शीट पत्र्याच्या मधल्या भागात लावा, रोलरने दाबून हवा काढा. अख्खा पत्रा झाकायची गरज नसते. थरथर मध्यभागीच जास्त असते. वायर, दाराची स्प्रिंग, हवेच्या जाळ्या आणि तळाचा ट्रे मोकळा ठेवा. वॉरंटी चालू असेल तर पॅनल उघडू नका.

पुढची खालची पट्टी उघडी असेल तर ती आधी बसवा. बराचसा आवाज तिथूनच बाहेर येतो.

ओटा_आणि_बेसिन
मोबाइलच्या ॲपने मोजणाऱ्यांसाठी: दर वेळी तोच प्रोग्रॅम, तीच भांडी, दारापासून १ मीटर. आकडा खरा मानू नका, आधीचा आणि नंतरचा फरक तेवढा धरा. साधारण १० डेसिबल घट झाली की कानाला आवाज निम्मा वाटतो.