कोपऱ्यातून विणलेलं दुपटं: आयताची एक कड आखडते आहे, आणि लोकर पुरेल का?

पिवळीलोकर

बाळासाठी क्रोशाने कोपरा-ते-कोपरा पद्धतीचं (एका कोपऱ्यातून सुरू करून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) दुपटं विणते आहे. आजवर ग्रॅनी स्क्वेअर (मधून बाहेर विणलेले सुटे चौकोन) जोडून पांघरुणं केली आहेत, तिरक्या ओळींचं हे पहिलंच. तपशील असा:

माप ८० × १०० सेंमी. सुई ४ मिमी, लोकर अ‍ॅक्रिलिक, लेबलवरही ४ मिमीच लिहिलंय. एक घर (तीन साखळ्या + तीन खांब, म्हणजे उंच टाके, यांचा छोटा चौकोन) बरोबर २ सेंमीचं येतंय, म्हणून ४० घरं रुंद आणि ५० घरं लांब धरलंय. ४० व्या ओळीपर्यंत दोन्हीकडे वाढवलं. तिथून उजवीकडे घट, डावीकडे वाढ. आता ४६ ओळी झाल्या आहेत.

१) घट सुरू झाल्यापासून उजवी कड आखडली आहे. तिथली सहा घरं १२ सेंमी भरायला हवीत, भरतात साडेदहा. डावी कड ठीक आहे.
२) एकूण ४५० ग्रॅम लोकर होती, १९५ उरली आहे. निम्म्याच्या पुढे आलेय ना? पुरेल का?
३) तीन रंगांचे पट्टे आहेत. दोन्ही कडांना दोऱ्यांची शेपटं लोंबतायत, त्यांचं काय करायचं?

सैलसाखळी

आधी घरं मोजा. आयताच्या मधल्या भागात दर ओळीत ४० च भरली पाहिजेत, ना ३९ ना ४१. कड आत येण्याचं सगळ्यात साधं कारण चुकलेली मोजणी हेच असतं. नियम असा:

वाढीच्या कडेने निघताना ६ साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या, पाचव्या, सहाव्या साखळीत एकेक खांब घाला. झालं नवं घर. मग आधीच्या ओळीतल्या घराच्या तीन साखळ्यांच्या कमानीत स्लिप स्टिच (उंची न वाढवणारा जोडटाका), ३ साखळ्या, त्याच कमानीत ३ खांब, असं पुढे जा. घटीच्या कडेला पोचलात की शेवटच्या कमानीत फक्त स्लिप स्टिच घाला. तिथे घर विणायचं नाही. काम पलटा, आत्ताच विणलेल्या घराच्या तीन खांबांवरून तीन स्लिप स्टिच घालत त्याच्या कमानीत या, ३ साखळ्या आणि ३ खांब. ही परतीची ओळ मात्र शेवटच्या कमानीतही घर विणून संपवायची, काही सोडायचं नाही.

घट फक्त त्या कडेकडे जाणाऱ्या ओळीच्या शेवटी होते, येणाऱ्या ओळीत होत नाही. उजव्या कडेला सेफ्टी पिन अडकवून ठेवा. पलटल्यावर उजवं-डावं बदलतं, पिन बदलत नाही.

दोनवेढे

मोजणी बरोबर असेल, तर दोष त्या तीन स्लिप स्टिचांचा. वाढीची कड साखळीवर उभी असते आणि साखळी ताणली जाते. घटीच्या कडेला खांबांच्या डोक्यावर स्लिप स्टिच बसतात आणि त्या जवळजवळ ताणल्या जात नाहीत. हात जरा घट्ट असला की तीन टाक्यांत २ सेंमीचे पावणेदोन होतात. तुमचं माप नेमकं तेच सांगतंय: साडेदहा भागिले सहा.

पुढे गेल्यावर सुधारेल या आशेवर राहू नका. याच हाताने ५० घरं गेली तर उजवी बाजू ८७ सेंमीच्या आसपास येईल आणि डावी १००. शिवाय ५० व्या ओळीनंतर वरची कडसुद्धा घटीचीच असते. तीही ८० ऐवजी ७० वर येईल. धुऊन, ताणून, पिना लावून १२-१३ सेंमीचा फरक भरून निघत नाही.

सहा ओळी उसवा. २४० घरं जातील, पण लोकर तीच परत वापरता येते. मग घटीच्या तीन स्लिप स्टिच ५ मिमीच्या सुईने घाला, बाकी सगळं ४ नेच. दर खेपेला सुई बदलायचा कंटाळा येत असेल तर प्रत्येक स्लिप स्टिचनंतर सुईवरचा फास थोडा वर ओढून मोठा करायचा आणि मगच पुढचा टाका. पलटताना एक साखळी घातली तर वळणही मोकळं राहतं. चार ओळींनी पट्टी लावा. चार घरं ८ सेंमी भरली की हात जमला.

सुई घ्यायला जाल तेव्हा मिमी बघूनच घ्या, नंबर सांगू नका. जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी, अमेरिकी H-८ म्हणजे ५ मिमी. दुकानात दोन्ही मिळतात आणि विकणाऱ्याला फरक माहीत असेलच असं नाही.

तागडी

लोकरीचं उत्तर माझ्याकडून. निम्म्याच्या पुढे आहात, पण फार नाही.

४० व्या ओळीपर्यंत १ + २ + ३ … + ४० = ८२० घरं. पुढच्या सहा ओळी ४०-४० च्या, म्हणजे २४०. एकूण झाली १०६०. पूर्ण दुपट्यात ४० × ५० = २००० घरं आणि ८९ ओळी, त्यामुळे ९४० बाकी. ४५० मधून १९५ उरली म्हणजे २५५ ग्रॅम लागली, एका घराला ०.२४ ग्रॅम. उरलेल्या ९४० घरांना सुमारे २२६ ग्रॅम लागतील. तुमच्याकडे १९५. तीसेक ग्रॅम कमी पडणार, आणि यात बॉर्डर धरलेली नाही. ३६० सेंमीच्या परिघाला मुक्या खांबांची (खांबाहून आखूड टाका, अमेरिकी सिंगल क्रोशे) एक फेरी ७-८ ग्रॅम खाते. तीन फेऱ्या आणि शेपटांची नासाडी धरून आणखी १०० ग्रॅम आणा. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा, गुंड्याच्या आकारावरून अंदाज बांधू नका.

जुन्या लेबलवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) घेऊन जा. त्याच लॉटची मिळाली नाही तर नवी लोकर मध्येच एकदम सुरू करू नका, क्रीमसारख्या फिक्या रंगात तर नाहीच. वेगळ्या लॉटची असेल तर ती बॉर्डरला ठेवा, तिथे फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो.

पट्ट्यांबद्दलही हेच गणित. तिरक्या विणीत दहा ओळींचा पट्टा सगळीकडे सारखी लोकर खात नाही. कोपऱ्यातल्या पहिल्या दहा ओळी म्हणजे ५५ घरं, १३ ग्रॅम. ४१ ते ५० या दहा ओळी म्हणजे ४०० घरं, ९६ ग्रॅम. तिन्ही रंग समसमान आणलेत, तर मधल्या पट्ट्याचा रंग आधी संपणार.

सैलसाखळी

हे वजनाचं काम सुरुवातीलाच करायला हवं. १० × १० घरांचा चौकोन विणायचा (दहा ओळी वाढ, नऊ ओळी घट), मोजायचा, वजन करायचं. शंभर घरांचा हिशेब हातात आला की कोणत्याही मापाचं पांघरूण काढता येतं. शिवाय त्यात घटीची कडही असल्यामुळे ही आखडण्याची भानगड तिथेच दिसते. चार घरांच्या तुकड्यात दिसत नाही.

दोनवेढे

आणि लेबलवरच्या 'प्लाय'वर विसंबू नका. प्लाय म्हणजे पिळलेल्या धाग्यांची संख्या, जाडी नव्हे. आपल्याकडे वर्धमान, ओसवाल, गंगा यांच्या लोकरीत सुचवलेली सुई आणि १०० ग्रॅमला किती मीटर हे बघा. परदेशी नमुन्याशी जुळवायचं असेल तर तेच आकडे जुळवायचे. अमेरिकी व्हिडिओतला 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब. ब्रिटिश नमुन्यात 'डबल' लिहिलं असेल तर तो मुका खांब, आणि आपल्या खांबाला ते 'ट्रेबल' म्हणतात. एकाच दुपट्याचे दोन व्हिडिओ बघून गोंधळ होतो तो यामुळे.

मागचीबाजू

तिसरा प्रश्न. रंग बदलताना ओळीच्या शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फास उरले की तिथे नवा रंग ओढून घ्यायचा. ओळ पूर्ण करून मग बदलला तर जुन्या रंगाचा ठिपका नव्या पट्ट्यात दिसतो. घटीच्या कडेला मात्र ओळ स्लिप स्टिचवर संपते, तर तो स्लिप स्टिचच नव्या रंगाने ओढा.

शेपूट १५ सेंमी ठेवा. सगळी शेपटं बॉर्डरच्या पहिल्या फेरीखाली दाबून मोकळं व्हावंसं वाटतं, पण अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, दोन-तीन धुण्यांत टोक बाहेर येतं. बोथट जाड सुईने आधी खांबांच्या बुडातून ४-५ सेंमी एका दिशेला, मग एक धागा सोडून उलट, मग तिसऱ्यांदा आडवं ओवा. कापण्याआधी कापड सगळीकडून ताणून बघा. शेपूट आत सरकलं की मग कापायचं. ही शेपटं दर पट्ट्याला ओवून टाका. शेवटी चाळीस टोकं एकदम समोर आली की दुपटं महिनाभर तसंच पडून राहतं.

तागडी

अ‍ॅक्रिलिकला मॅजिक नॉट (दोन दोरे जोडणारी घट्ट गाठ) बरी नाही का? दोन्ही टोकं जवळ कापता येतात, ओवायचं कामच राहत नाही.

मागचीबाजू

शालीला चालेल. बाळाच्या दुपट्याला नको. गाठ हाताला लागते, बाळ तीच चोखत बसतं, आणि जवळ कापलेली गाठ सुटली तर ओवायला शेपूटच उरत नाही. घर उसवत जातं. गुंडा संपतो तिथे गाठ मारण्याऐवजी १५-१५ सेंमी सोडून सरळ नवा दोरा लावा. थुंकी लावून चोळायची जोड फक्त खऱ्या लोकरीत होते, अ‍ॅक्रिलिक एकमेकांत मिसळत नाही.

बाळाचा विषय निघालाच आहे म्हणून: या विणीत कमानीपाशी भोकं राहतात, लहान बोटं अडकतात. अजून उसवायची तयारी असेल तर छोटं घर विणता येतं. ५ साखळ्या, सुईपासून तिसऱ्या साखळीपासून ३ अर्धे खांब (मुका खांब आणि खांब यांच्या मधल्या उंचीचे), पुढे २ साखळ्यांची कमान. घर लहान होतं, वीण घट्ट बसते, पण त्याच मापाला घरं बरीच जास्त लागतात आणि लोकरही. आणि पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नये, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. दुपटं मांडीवर, गाडीत, खाली अंथरायला.

पिवळीलोकर

मोजली, ४० च आहेत. म्हणजे स्लिप स्टिच. सहा ओळी उसवल्या, ५ मिमीने चार ओळी झाल्या, चार घरं ८ सेंमीला एखादा धागा कमी. छोट्या घराचं सगळं परत करायचा धीर नाही, हेच पूर्ण करते. बॉर्डरला दर घराला किती टाके? आणि शेवटी इस्त्री फिरवू का?

सैलसाखळी

दर घराला ३ मुके खांब, कोपऱ्यात एकाच जागी ३. वाढीच्या कडेला ते साखळीच्या कमानीत घाला. साखळीचा एकेक फास उचलत बसू नका, कड ताठ होते. २० सेंमी झाले की दुपटं सपाट टेबलावर पसरा. लाटा आल्या तर दर तिसऱ्या घराला २ च टाके, कड आत ओढली जात असेल तर दर चौथ्या घराला ४. समोरासमोरच्या बाजूंचे टाके एकसारखे हवेत: कोपरे सोडून दोन बाजूंना १२०, दोन बाजूंना १५०. डोळ्यांना न दिसणारा फरक इथे आकड्यात सापडतो. पहिली फेरी दुपट्याच्या रंगाचीच करा, दुसऱ्या रंगाची केली तर कडेचा प्रत्येक खड्डा उठून दिसतो.

दोनवेढे

इस्त्री टेकवायची नाही. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने कायमचं चपटं आणि लोळागोळा होतं, परत फुलत नाही. थंड पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पिळू नका. मग गादीवर ८० × १०० मापून दर ८-१० सेंमीला न गंजणारी पिन लावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस लागतात. दोरीवर टाकू नका. ओलं दुपटं जड असतं, तिरक्या विणीला आधार नसतो, ते एका कोपऱ्याकडे लांबतं. वाफ द्यायचीच असेल तर इस्त्री ४-५ सेंमी वर धरून, आणि आधी त्या दहा घरांच्या नमुन्यावर.

तागडी

नमुना विणलाय का पण त्यांनी?

पिवळीलोकर

नाही. आता नव्या गुंड्यातून विणते.