मदत हवी आहे : मोम्बासातली एक कबर आणि एक घंटा

नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि हे चार दिवस केनियातल्या मोम्बासाला जातोय. फोर्ट जीझस, जुनं शहर बघूच. पण माझा जीव अडकलाय तो खाडीपलीकडच्या न्यालीत. योहान क्राफ आणि रोझीन हे मिशनरी जोडपं १८४४ साली मोम्बासाला पोचलं आणि काही महिन्यांतच रोझीन व तान्ही लेक तापाने गेल्या. त्या बाळंतिणीच्या कबरीवर फुलं ठेवायची आहेत. शिवाय फ्रेअरटाउनची घंटा! गुलामीतून सुटलेली, आमच्या नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेली आफ्रिकी माणसं तिथेच वसली.

कबरीपाशी जाऊ देतात का? यांचे गुडघे दुखतात, मग मटाटूपेक्षा (तिथली शेअर मिनीबस) टुकटुक, म्हणजे आपली रिक्षाच, बरी ना? क्राफचं मिशन जिथे होतं ते जवळचं राबई गावही त्याच दिवशी जमेल का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.