मदत हवी आहे: चार देशांत चालेल असं नाव, आणि त्याचा खरा अर्थ

नमस्कार मंडळी,

भावाकडे लवकरच बाळ येणार आहे आणि नाव सुचवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. भाऊ-वहिनी नोकरीपायी सारखे देश बदलत असतात. त्यामुळे नाव छोटं हवं, कुठल्याही भाषेच्या माणसाला एका दमात उच्चारता यावं आणि कुणी अर्थ विचारला तर छातीठोकपणे सांगता यावा. पहिल्या दोन अटी सोप्या आहेत, घोडं अडलंय तिसरीपाशी.

नावांच्या साइट्स चाळून डोकं भणाणलंय. तिथे निम्म्या मुली 'देवीचं एक नाव' आणि निम्मे मुलगे 'सूर्याचा किरण'. एकच नाव एका यादीत संस्कृत, दुसरीत अरबी, तिसरीत हिब्रू. सगळ्यांनी एकमेकांचं उतरवून काढलेलं दिसतं.

सध्याची यादी: कियारा, मायरा, अनाया, मीरा, व्हनेसा (ही वहिनीची आवड). मुलगा झाला तर रेयांश किंवा काय. हो, 'काय' हे खरंच नाव आहे, हवाईयन.

यांची मुळं कुठली आणि अर्थ तपासायचा कसा, एवढंच हवंय. आवडलं की नाही यावर कृपया मत देऊ नका, त्यावरून घरी पुरेसं रण माजलंय.

प्रतिसाद १

कियारापासून सुरुवात करतो, कारण त्यात खरी गंमत आहे. संस्कृत कोशात हा शब्द नाही. इटालियनमध्ये कियारा म्हणजे लख्ख, उजळ. लॅटिन 'क्लारा'वरून ते आलं, क्लेअर हे त्याचंच इंग्रजी रूप. असिसीची संत क्लेअर (११९४ ते १२५३) तिच्या भाषेत कियाराच होती. पण आयरिशमध्ये जवळपास असंच ऐकू येणारं एक नाव आहे, ते 'कीअर' म्हणजे काळा, सावळा या शब्दावरून आलंय. म्हणजे इटलीत उजळ आणि आयर्लंडमध्ये सावळी. त्याच शब्दावरून मुलाचं नाव होतं कियारान. आपला किरण तिकडे गेला तर लोक त्याला हमखास तेच समजणार.

रेयांशबद्दल काय बोलावं! 'सूर्याचा अंश' असं सगळीकडे छापलेलं असतं. रवि आणि अंश यांचा संधी रव्यंश होतो. 'रेय'चा अर्थ सूर्य असा संस्कृतात कुठेही नाही. इंग्रजी 'रे' आणि संस्कृत 'अंश' असा आंतरजातीय विवाह मानायचा असेल तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद २

ताई, अनाया ठरवण्याआधी हे वाचा. संस्कृतात नय म्हणजे नीती आणि अनय म्हणजे अनीती, गैरवर्तन, दुर्दैवसुद्धा. मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश (सुधारित आवृत्ती १८९९) उघडून बघा. साइटवाले 'अद्वितीय' वगैरे कुठून आणतात देव जाणे.

मात्र अरबीत 'इनाया' आहे, म्हणजे काळजी, जपणूक. फार गोड अर्थ आहे. हिब्रू बायबलमध्ये नहेम्याच्या ग्रंथात अनाया नावाचा एक पुरुष आहे, 'देवाने उत्तर दिलं' अशा अर्थाचं. तेव्हा हे नाव ठेवायचंच असेल तर 'अरबी, इनायावरून' असं सांगा आणि उच्चारही तसाच ठेवा. संस्कृतचा दाखला द्यायला गेलात तर एखादे संस्कृतचे मास्तर भेटतील आणि पंचाईत होईल.

धागाकर्ती

बाप रे. अनाया जवळजवळ पक्कं झालं होतं! दोघांचेही आभार. मायरा आणि व्हनेसाबद्दल कुणी सांगेल का? मायराचा अर्थ 'प्रिय' असं वाचलं.

प्रतिसाद ३

ही दोन्ही नावं कवी-लेखकांनी घडवलेली आहेत, त्यामुळे शब्दार्थ शोधून फारसं हाती लागणार नाही. मायराचं श्रेय फुल्क ग्रेव्हिल (१५५४ ते १६२८) या इंग्रज कवीला देतात. कवितेतल्या प्रेयसीसाठी त्याने ते वापरलं. 'मेरी'ची अक्षरं उलटसुलट करून केलं असावं, असा एक तर्क आहे. मायरा नावाचं एक प्राचीन शहरही होतं, आजच्या तुर्कस्तानात. संत निकोलस तिथलाच बिशप. पण त्या शहराचा या नावाशी संबंध जोडू नका.

व्हनेसा जोनाथन स्विफ्टचं. त्याच्या मैत्रिणीचं नाव एस्थर, आडनाव 'व्हॅन'ने सुरू होणारं. आडनावातलं 'व्हॅन' घेतलं, एस्थरचं लाडाचं 'एसा' जोडलं, झालं नाव. साइटवर 'फुलपाखरू' असा अर्थ देतात, पण गाडी उलटी आहे. १८०७ मध्ये फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका प्रजातीला व्हनेसा हे नाव दिलं, म्हणजे नाव आधीचं आणि फुलपाखरू मागाहून. (मला स्वतःला हे कुठल्याही ओढूनताणून आणलेल्या अर्थापेक्षा छान वाटतं. मत देऊ नका म्हणालात, तरी दिलं.)

प्रतिसाद ४

तपासायचं कसं, हे विचारलंत म्हणून. आधी भाषा ठरवा, मग त्या भाषेच्या साध्या शब्दकोशात तो शब्द किंवा त्याचा धातू बघा. नावांच्या यादीत बघू नका. अरबीत हे फार सोपं जातं, कारण बहुतेक नावं तीन व्यंजनांच्या धातूवर उभी असतात: ह-म-द म्हणजे स्तुती, त्यावरून अहमद, महमूद, हमीद, मुहम्मद. एक धातू कळला की पाच नावं सुटतात.

जपानीत मात्र नुसत्या उच्चारावरून काही सांगता येत नाही. युकी एका चिन्हाने लिहिलं तर बर्फ, दुसऱ्याने लिहिलं तर सुख. तेव्हा 'युकीचा अर्थ काय' या प्रश्नाला 'लिहिता कसं?' हेच उत्तर.

आणि प्रत्येक नावात एखादा सद्गुण असतोच असं नाही. घानातल्या अकान लोकांत कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा, बस. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा, वार शुक्रवार. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांपैकी आधी जन्मणारं ताइवो, मागून येणारं केहिंदे. गंमत म्हणजे मोठेपणाचा मान केहिंदेला. धाकट्याला पुढे पाठवलं, जग कसं आहे ते चाखून बघायला!

मीरा डोळे मिटून ठेवा. लॅटिनमध्ये मीरा म्हणजे अद्भुत. साधारण ३३२ दिवसांच्या चक्रात मंद-तेजस्वी होणाऱ्या एका ताऱ्याला हेव्हेलियस या खगोलशास्त्रज्ञाने १७व्या शतकात हेच नाव दिलं. स्लाव्हिक भाषांत 'मिर' म्हणजे शांतता आणि जगही, मिरोस्लावाला लाडाने मीरा म्हणतात. कुठल्याही देशात अर्थ सांगताना मान खाली घालावी लागणार नाही.

धागाकर्ती

मुलीचं मीरा जवळपास ठरलं तर. पण भाऊ 'काय'वर अडून बसलाय. हवाईयनमध्ये त्याचा अर्थ समुद्र, आणि त्याला समुद्राचं वेड.

प्रतिसाद ५

अर्थ बरोबर आहे. पण घरातलं संभाषण डोळ्यांसमोर आणा.
'बाळाचं नाव काय?'
'हो.'

प्रतिसाद २

😂 पोराला आयुष्यभर पुरेल. समुद्रच हवा असेल तर तुर्की नावं बघा की. डेनिझ म्हणजे समुद्र, मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. आणि दुसरं आहे डेर्या, तेही समुद्रच. मूळ फारसी 'दर्या', म्हणजे आपल्या बोलीतला दर्याच! अर्थ समजावून सांगायचीसुद्धा गरज नाही. फक्त तुर्कीत ते जास्त करून मुलींचं असतं, एवढं लक्षात ठेवा.

प्रतिसाद १

दर्या झकास! पण रशियनांना ते त्यांचं दार्या वाटेल, आणि त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. ते दारियस या नावाचं स्त्रीरूप. जुन्या फारसीत दारयवहु, म्हणजे जे चांगलं ते धरून ठेवणारा. 'दारय' म्हणजे आपलं धारय, 'वहु' म्हणजे आपलं वसु. वहिनींना हा दुसरा अर्थही आवडेल बहुतेक.

धागाकर्ती

हे सगळं आत्ताच दोघांना पाठवलं. वहिनीचा निरोप: मुलगी झाली तर मीरा की दर्या, यावर आता नवं भांडण सुरू. मुलासाठी डेनिझचा उच्चार 'डेनिस'सारखा होईल म्हणून भाऊ कुरकुरतोय. समुद्राच्या अर्थाचं मुलाचं आणखी छोटं नाव कुणाला माहीत असेल तर टाका. सागर सोडून, चुलतभाऊ सागरच आहे.