घरचे इंटरनेट कोणाकडून घेतलेत आणि का? आपापले अनुभव लिहावेत

ठाणे

पुढच्या महिन्यात आम्ही घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या घरी राहायला जात आहोत. इमारतीत तीन कंपन्यांच्या तारा आलेल्या आहेत. यजमान घरून काम करतात, मुलगी दहावीत आहे आणि सासूबाई रोज रात्री धाकट्या दिरांशी व्हिडिओवर बोलल्याशिवाय झोपत नाहीत. दर पाहिले तर सगळ्यांचे जवळपास सारखेच आहेत. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरला तरी फरक पन्नास-शंभर रुपयांचाच उरतो. म्हणून दरपत्रके नकोत. ज्यांनी एकीकडून दुसरीकडे जाऊन पाहिले आहे त्यांनी निवड कशाच्या आधारे केली, आणि ती बरोबर ठरली की चुकली, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

पुणे, कोथरूड

माझी निवड चुकली होती, ती कशी ते लिहिते. आमच्याकडे सात वर्षे गल्लीतल्या केबलवाल्या दादांचे कनेक्शन होते. २०२१ साली एका मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी दारात आला. दुप्पट वेग, वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, राऊटरचे भाडे नाही, असे सगळे ऐकून मी त्याच आठवड्यात जुने कनेक्शन बंद केले. पहिले आठ महिने तक्रारीला जागा नव्हती. जूनमध्ये रस्ता खोदताना फायबर तुटली, भिंतीवरच्या पेटीत तांबडा दिवा लागला आणि तो अकरा दिवस विझला नाही. तिसऱ्या दिवशी तर तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश आला, तेव्हा तो दिवा माझ्या डोळ्यांसमोर तसाच लुकलुकत होता. फोन घेणारा माणूस दुसऱ्या राज्यातल्या कक्षात बसलेला, आणि तार जोडणारा ठेकेदाराकडचा मुलगा, ज्याच्या माथी आमच्यासारखी चाळीस घरे मारलेली.

त्या मुलाला मी बोल लावत नाही. तो आला, जिन्यातच मांडी घालून बसला, केसासारखी बारीक काच त्याने स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि दोन्ही टोके यंत्रात ठेवली. छोट्या पडद्यावर ती एकमेकांसमोर सरकत आली, एक ठिणगी चमकली आणि दहा मिनिटांत नेट सुरू झाले. दहा मिनिटांच्या कामाला अकरा दिवस लागले, आणि वर्षाचे पैसे भरून बसल्यामुळे मला सोडूनही जाता येईना. मुदत संपताच पुन्हा दादांकडे गेले. वेग निम्मा आहे; पण गेल्या पावसाळ्यात तार तुटली तेव्हा ते रात्री साडेनऊला शिडी घेऊन आले. ताई, कोणाचेही घ्या, पण पहिल्यांदा तीनच महिन्यांचे पैसे भरा, आणि जमल्यास त्यात पावसाळ्याचा एक तरी महिना येऊ द्या.

सावंतवाडी तालुका

कोथरूडच्या ताईंना निवडीला वाव तरी होता. आमच्या वाडीत तो परवापरवापर्यंत नव्हता. २००५ साली बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले तेव्हा २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हणत. वाडीत ते तांब्याच्या तारेवरून पोहोचायला आणखी काही वर्षे गेली, आणि पावसाचे पाणी जॉइंटमध्ये शिरले की फोनवर खरखर आणि नेट बंद, हे ठरलेलेच असे. चार वर्षांपूर्वी बाजारपेठेतल्या एका तरुणाने बीएसएनएलच्या फायबर जोडणीचे काम भागीदार म्हणून घेतले, आणि त्याच सुमारास एका खासगी कंपनीची तारही हमरस्त्यापर्यंत आली.

मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला : माझ्या घरापर्यंत तार कोणत्या वाटेने आणणार? खासगी कंपनीचे लोक ती विजेच्या खांबांवरून, आंब्याफणसांच्या राईतून आणणार होते. आमच्याकडे वांदर अशा तारांना लोंबकळतात. शेजाऱ्यांची तार त्यांनी एका वर्षात तीनदा तोडली होती, आणि पावसाळ्यात फांद्या पडतात त्या वेगळ्याच. त्या तरुणाने मात्र पाणंदीच्या कडेने, जांभ्याच्या गडग्याला लागून चर खणायचे ठरवले. पाइपाचे पैसे मी दिले, खणणावळ त्याने सोसली. त्या पाइपातली तार चार पावसाळ्यांत एकदाही तुटलेली नाही.

विजेचेही विचारून घ्यावे. राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस सगळेच लावतात, पण ज्या यंत्रातून आपली तार निघते ते बाजारातले यंत्र वीज गेल्यावर किती तास चालते? तेच बंद पडले तर घरच्या यूपीएसचा काही उपयोग नाही. त्या तरुणाने मला दुकानात नेऊन मागच्या खोलीतल्या बॅटऱ्या दाखवल्या, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

छत्रपती संभाजीनगर

मी दोन वर्षांत तीन कंपन्या बदलल्या आणि तिन्ही वेळा आतल्या खोलीत नेट रेंगाळतच राहिले. शेवटी भाच्याने संगणक तारेने थेट राऊटरला जोडला, तेव्हा पूर्ण १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा मेगाबाइट, मिळत असल्याचे दिसले. कमतरता आमच्याच घरात होती. राऊटर लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेला, आणि वायफायच्या पाच गिगाहर्ट्‌झच्या लहरी जुन्या वाड्याच्या दीड फुटी भिंतींपलीकडे जात नव्हत्या. आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा राऊटर बसवला आणि प्रश्न मिटला. कंपनी बदलण्याआधी तारेने जोडून वेग मोजावा, ही कळकळीची विनंती.

नाशिक

आईवडील सिन्नरजवळ मळ्यात राहतात. रात्री त्यांच्या दारातला कॅमेरा फोनवर पाहिल्याखेरीज मला स्वस्थ झोप लागत नाही. स्वस्त पडते म्हणून तिथले कनेक्शन बदलले आणि त्या दिवसापासून चित्र दिसेनासे झाले; नेट मात्र उत्तम चालू होते. बऱ्याच खटपटीनंतर कारण समजले. अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, देतात. या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. घरातून बाहेर जाणारी विनंती त्यातून नीट जाते, परंतु बाहेरून घराकडे येणाऱ्या विनंतीला नेमके घर सापडत नाही. स्वतंत्र स्थिर पत्ता हवा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि काही ठिकाणी तो घरगुती योजनेत मिळतच नाही. कॅमेऱ्याचा जुना रेकॉर्डर आम्हाला बदलावा लागला. त्या मधल्या सोळा दिवसांत मी रोज रात्री फोन करून वडिलांना उठवत होतो, याचे आजही वाईट वाटते.

सातारा

भाड्याचे घर, आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून आम्ही ५जी मनोऱ्यावरून चालणारे, गच्चीत यंत्र बसवून देतात ते कनेक्शन घेतले. जोडणी दोन तासांत झाली. रस्ता खोदल्याने काही बिघडत नाही, हे मोठे सुख आहे. मात्र रात्री नऊनंतर वेग उतरतो. शिवाय अशा योजनेत महिन्याला १००० जीबीची मर्यादा होती, तर फायबरच्या अनेक ‘अमर्याद’ योजनांत ती ३३०० जीबी असते. आम्हा दोघांना पुरते. तुमच्या घरी माणसे जास्त आहेत, तेव्हा विचार करावा.

स्लाव, ब्रिटन

इथे पुष्कळ ठिकाणी रस्त्याखालची तार ओपनरीच या एकाच संस्थेची असते आणि त्याच तारेवरून अनेक कंपन्या सेवा विकतात. १२ सप्टेंबर २०२४ पासून नव्या कंपनीला होकार दिला की जुनीला कळवण्याचे काम तीच करते. सेवा पूर्ण बंद पडून कामाचे दोन दिवस उलटले, तर २०१९ पासून चालू असलेल्या योजनेतल्या कंपन्या न मागता भरपाई देतात. त्यामुळे मी इथे केवळ किंमत पाहून निवड करतो. चिंचवडला आईसाठी कनेक्शन घेताना तोच हिशेब लावला आणि पस्तावलो. तिथे तार ज्याची त्याची असते. कंपनी निवडली की तिची तार, तिचा मार्ग आणि तिचा माणूस हे सगळे पदरात पडते. आईचा तीस वर्षांचा लँडलाइन क्रमांकही नव्या कंपनीकडे नेता आला नाही, कारण मोबाइलसारखी ती सोय लँडलाइनला नाही. हे मी आधी विचारायला हवे होते.

सोलापूर

दूरसंचार खात्यात चौतीस वर्षे तारांचेच काम केले, म्हणून थोडे लिहितो. घरोघरच्या फायबरमध्ये साधारणपणे अडीच गिगाबिटची एक वाहिनी फाट्यावर विभागून अनेक घरांना, बहुधा बत्तीसपर्यंत, दिलेली असते. संध्याकाळी वेग पडतो तो या वाटणीमुळे, किंवा कंपनीने पुढची वाट अपुरी घेतली असल्यामुळे. म्हणून चौकशी करायची ती शेजाऱ्यांकडे आणि रात्री नऊ वाजता. ब्रॉडबँड या शब्दावर विसंबू नये. जानेवारी २०२३ पासून त्याची सरकारी किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे, यावरून काय ते समजावे.

जोडणी झाल्यावर ती करणाऱ्या मुलाला तारेला मीटर लावायला सांगावे. तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद (डीबीएम या मापात) उणे पंधरा ते उणे पंचवीसच्या दरम्यान असेल तर ठीक. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेली तर जोड कच्चा आहे किंवा तार कुठे तरी मुरगळली आहे. आज नेट चालेल आणि पहिल्या पावसात दगा देईल. बिघाड झाल्यास तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. त्या क्रमांकावर निवारण झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ही दोन पायऱ्यांची व्यवस्था ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नियमांनुसार कंपन्यांना ठेवावी लागते. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिकडे पत्रे लिहिण्यात वेळ घालवू नये.

ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी रात्री नऊला मुद्दाम नव्या इमारतीत गेलो आणि सहाव्या, नवव्या व अकराव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना विचारले. तिघांकडे तीन वेगवेगळ्या कंपन्या आहेत. सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी दुरुस्ती करणाऱ्या मुलाचा क्रमांक फोनमध्ये न पाहता, तोंडपाठ सांगितला. गेल्या दिवाळीत तो पाडव्याच्या दिवशीसुद्धा आला होता म्हणाल्या. त्यांच्याच कंपनीचे कनेक्शन घेतले, तीन महिन्यांचे पैसे भरून. गुरुवारी तोच मुलगा जोडणीला आला. सोलापूरच्या काकांनी लिहिल्याप्रमाणे मीटर लावायला सांगितल्यावर तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग पेटीच्या झाकणावर मार्करने तारीख घातली आणि खाली आकडा लिहिला : उणे १९.