तुमचा सगळ्यात लाडका फोटो कोणता? मागची गोष्ट पण सांगा

झेंडूची_टोपली
मंडळी, जास्त लाइक मिळालेला नको, तुमचा स्वतःचा लाडका फोटो सांगा आणि तो मिळाला कसा ते पण. माझा दादरच्या फुलमार्केटमधला, दसऱ्याच्या आदल्या पहाटेचा. नुसती ओरडाओरड, भाव चाललेत, हमाल टोपल्या घेऊन धावतायत आणि मधोमध एक काका गोणपाटावर गाढ झोपलेत. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/८ सेकंद उघडा ठेवला आणि हात खांबाला टेकवला, त्यामुळे धावणारे सगळे पुसट आले आणि काका तेवढे स्पष्ट.

खाडीकिनारा
माझा शिवडी जेट्टीचा. फोटो रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) नाही, आईचा आहे, ती शिवडीतच वाढली पण लहानपणी हे पक्षी बघितल्याचं तिला काही आठवत नाही, म्हणून मुद्दाम घेऊन गेलो. भरती चढत होती तसा थवा चरत चरत जवळ यायला लागला आणि ही एकदम ओरडली, "अगं बाई, एवढे!" तेव्हा कॅमेरा तिच्याकडे वळवला. मागे गुलाबी पट्टा आणि अटल सेतूच्या कामाच्या क्रेन. क्रेन काढून टाक म्हणून बरेच जण सांगतात, मी नाही काढणार. पूल जानेवारी २०२४ ला चालू झाला, त्याआधीची खाडी अशीच दिसायची.

वरच्या_मजल्यावरून
बेस्टची डबलडेकर! जुन्या डिझेलवाल्या १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या, शेवटची अंधेरी स्टेशन ते सीप्झ ४१५ नंबर. त्याच्या थोडे दिवस आधी पुतणीला घेऊन वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट पकडली. वारा असा येत होता की तिचे केस सगळे काचेकडून मागे, आणि कंडक्टरकाका तिकीट द्यायचं सोडून तिच्याकडे बघून हसतायत. १९३७ पासून मुंबईत डबलडेकर आहेत, आता एसीवाल्या आल्यात, चांगल्याच आहेत, पण खिडकी उघडत नाही हो. तो वारा फक्त त्या फोटोत राहिला.

पहाटपाळी
ससून डॉक. १८७५ चा धक्का, लिलाव उजाडायच्या आधीच सुरू होतो. मी एका कोळणीआजींना विचारून कोलंबी सोलतानाचा फोटो काढला, तर म्हणाल्या, "काढतात सगळे, आणून कोण देत नाय." हे मनाला फार लागलं. प्रिंट काढून नेऊन दिली तर त्यांनी आख्ख्या रांगेला हाका मारल्या, मग प्रत्येकीचा फोटो, कुणाला हातातल्या पापलेटसकट पाहिजे, कुणाला नथ नीट दिसायला पाहिजे. तो रांगेचा फोटो माझा लाडका. माणसांचे फोटो काढणाऱ्यांनी प्रिंट परत नेऊन द्यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि डॉकमध्ये कॅमेरा न्यायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या.

झेंडूची_टोपली
पहाटपाळी, पटलं एकदम. दादरच्या काकांचा प्रिंट या आठवड्यात काढतो. खाडीकिनारा, शिवडीला जायचं तर कधी?

खाडीकिनारा
थंडीत येतात ते मेपर्यंत असतात. घड्याळ बघून जाऊ नका, भरतीची वेळ बघा आणि त्याच्या दोन-तीन तास आधी पोचा. ओहोटीला चिखल लांबवर उघडा पडतो, पक्षी तिकडे पांगतात आणि नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला उभं राहायला जागाच उरत नाही म्हणून उडून जातात. सकाळी ऊन समोरून येतं, त्यामुळे दुपारनंतरची भरती मिळाली तर उत्तम.